रविवार, ट्राम आणि चार आणे

प्रश्न : आमचे पणजोबा १९१०च्या सुमारास कोकणातून येऊन मुंबईत गिरणीत लागले. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या काळी करमणूक म्हणून काय परवडत असे? नाटक-सिनेमा की नुसती चौपाटी? आणि घरच्या बायका अशा ठिकाणी जात का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : पैशाच्या आधी वेळेचा हिशेब मांडू, कारण खरी टंचाई तिथे होती. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीच १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे सभा आणि अर्जांचा पिच्छा पुरवल्यावर. पुढे १९११च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. म्हणजे तुमचे पणजोबा कामाला लागले तेव्हा तेवढीही मर्यादा नव्हती! आठवड्याच्या मधल्या रात्री चाळीतले भजन किंवा तालमीतली कुस्ती, यापलीकडे कुठे जायचे त्राण कोणात असणार? मौज करायची ती रविवारी.

आणि रविवारची पहिली मौज फुकटची होती. चौपाटीची वाळू, मलबार हिलच्या पाण्याच्या टाकीवर वसवलेली हँगिंग गार्डन, भायखळ्याची राणीची बाग. अपोलो बंदरावर गोऱ्यांच्या गाड्या संध्याकाळी हवा खायला येऊन उभ्या राहत, ती श्रीमंती लांबून बघणे हीसुद्धा एक करमणूकच. अंतराचा प्रश्न ट्रामने सोडवला होता. घोड्यांची ट्राम १८७४पासून होतीच. ७ मे १९०७ रोजी विजेची धावू लागली. पायी घर गाठायची चिंता गेली की माणूस रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायला धजावतो. नाटक-सिनेमावाल्यांचे या ट्रामने भलेच केले, असे माझे मत आहे.

आता तिकिटाकडे येऊ, कारण गंमत इथेच आहे. मुंबईत सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला ७ जुलै १८९६ला, वॉटसन हॉटेलात. गिऱ्हाईक युरोपीय, तिकीट सरसकट एक रुपया. आठवड्याभरात हाच खेळ बोरीबंदरजवळच्या नॉव्हेल्टी थिएटरात आला आणि थोड्याच दिवसांत दर झाले चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. त्या चार आण्यांनी केवढी उलथापालथ केली पाहा. तोवर पंगतीत कुणी कुठे बसायचे, विहिरीवर कुणी कधी यायचे, हे सारे जातीने ठरवलेले. थिएटराच्या दारावरचा माणूस मात्र तिकीट बघायचा, आडनाव विचारायचा नाही. उच्च-नीच संपले असे मुळीच नाही, ते आता आण्यांत मोजले जाऊ लागले. पुढे बसणारा चार आणेवाला आणि मागे खुर्चीवर रेलणारा दोन रुपयेवाला यांच्यात अंतर राहिलेच. पण चार आणेवाल्याच्या शेजारी कोण येऊन बसेल, हे त्याच्या हातात राहिले नाही.

रुपया म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. ग्रँट रोडवरच्या खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना महिना दहा रुपये मिळत. दादासाहेब फाळक्यांनी पंधरा देऊ केले तेव्हा ते ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती व्हायला तयार झाले. दहा रुपयांच्या माणसाला एक रुपयाचे तिकीट म्हणजे तीन दिवसांची कमाई. चार आण्यांचे तिकीट म्हणजे पाऊण दिवसाची. महिन्यातून एखाद्या वेळी जमावे असे.

३ मे १९१३, शनिवारी, गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लागला. त्याच्या जाहिरातीत हरिश्चंद्राच्या जोडीला मिस आयरीन डेल्मारचा नाच होता, विनोदी प्रवेश होते आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू होता. सत्त्वाच्या कसोटीला उतरलेल्या राजाशेजारी पायाने कसरत करणारा गृहस्थ! आज हसू येते, पण नुसत्या हलत्या चित्रांवर तासभर प्रेक्षक बसेल याचा भरवसा तेव्हा कुणालाच नव्हता.

नाटकाचे म्हणाल तर गिरगाव आणि गिरणगाव यांचे रस्ते वेगळे. १२ मार्च १९११ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली होती, तरी ते उभे राहिले. शालू, अत्तर आणि ‘वन्स मोअर’ची ती दुनिया नोकरदार पांढरपेशांची. गिरणीतला माणूस बहुधा पिला हाऊसकडे वळे, तमाशाला. तिथली ढोलकी साताऱ्या-पुण्याकडच्या माणसाला गावाची वाटे. कोकणातल्या माणसाला दशावतार-नमन अधिक जवळचे. पणजोबांनी तमाशा आवडीने बघितला की नाक मुरडले, ते तुमच्या घरातच विचारा.

तिकीट नसलेली सर्वांत मोठी करमणूक मात्र रस्त्यावर होती. मोहरमचे ताबूत निघत तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यातून ढोल-ताशे वाजवणाऱ्या टोळ्या बाहेर पडत, आणि त्यांत मुसलमानांबरोबर हिंदूही नाचत. हाणामाऱ्याही होत. पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांनी १९१२मध्ये नियम असे आवळले की टोळ्या बंदच पडल्या. सरकारला शांतता मिळाली, शहराने एक सामाईक सण गमावला. गणपतीच्या मेळ्यांनी ती पोकळी पूर्ण भरली असे मला वाटत नाही. मेळ्यात एका समाजाची वस्ती, टोळीत साऱ्या मोहल्ल्याची.

क्रिकेटची गोष्ट तर याहून विचित्र. तिथे धर्मावरून संघच पडलेले. युरोपीय, पारशी आणि १९०७पासून हिंदू. १९१२मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर सामने चौरंगी झाले. तंबूत जागा न मिळालेले लोक झाडांवर चढून खेळ बघत. आणि हिंदूंचा सर्वांत भरवशाचा गोलंदाज कोण, तर पाळवणकर बाळू, ज्यांना जातीमुळे पुण्यात चहा तंबूबाहेर वेगळ्या भांड्यात दिला जाई. हिंदूंसाठी विकेटी त्यांनी काढायच्या, कप्तानी मात्र त्यांना कधी मिळाली नाही. त्यांच्या भावाला, विठ्ठलला, ती १९२३मध्ये मिळाली.

राहिला बायकांचा प्रश्न. चौपाटी, बागा, देवळे आणि जत्रा त्यांना मोकळ्या होत्या, विशेषतः महालक्ष्मीची जत्रा. नॉव्हेल्टीमध्ये पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले होते. नाटकगृहातही बायकांची बसायची सोय निराळी असे. गिरणीत काम करणाऱ्या बाईला मात्र रविवारही मोकळा नसे, कारण आठवड्याचे धुणे, दळण आणि नवऱ्याची सुट्टी एकाच दिवशी येई. खुद्द फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पत्नीलाही नेऊन दाखवला. पुढे त्याच सरस्वतीबाई रात्री जागून फिल्मला भोके पाडत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधत. पण पडद्यावर जायला कोणी बाई मिळेना म्हणून तर खानावळीतल्या साळुंक्यांवर वेळ आली. ती अडचण ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटाने सोडवली : त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, अशा मायलेकी दोघीही उभ्या राहिल्या.