रब्बीच्या तोंडावर: विकत काय घ्यावे, भाड्याने काय आणावे

दसरा जवळ आला की तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या शोरूमबाहेर झेंडूच्या माळा लागतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे ‘स्वस्त झालाय, घेऊन टाका’ हा आग्रह वाढला. सवलत खरी आहे. सात लाखांच्या मूळ किमतीवर ४९ हजार वाचतात. प्रश्न एवढाच, की आठ एकरांत ज्वारी, हरभरा आणि थोडा गहू करणाऱ्या घराला ते यंत्र परवडते का?

हिशेब वहीच्या एका पानात बसतो. करासह ट्रॅक्टर ७ लाख ३५ हजारांना पडला आणि दहा वर्षांनी अडीच लाखांना गेला असे धरू. घसारा झाला वर्षाला ४८,५००. अडकून पडलेल्या सरासरी पैशावर दहा टक्क्यांनी व्याज धरले तर ते ४९ हजारांच्या घरात जाते, म्हणजे करात वाचलेले सगळे पैसे एका वर्षाच्या व्याजातच गेले. विमा, ऑईल, सर्व्हिसिंगचे १५ हजार धरा. बेरीज एक लाख बारा हजार, एकरी चौदा हजार! यात डिझेलचा थेंबही नाही. आपल्या गावात नांगरट, रोटाव्हेटर आणि पेरणीचे एकरी भाडे काय चालले आहे, ते त्याच पानावर शेजारी लिहावे.

आठ एकरांत ट्रॅक्टर वर्षाला ऐंशी तास चालला तरी खूप. तेवढ्यावर तासाला चौदाशे रुपये पडतात. तोच चारशे तास चालला तर खर्च २८० रुपयांवर येतो. तेव्हा ज्याच्याकडे भाड्याची कामे आहेत आणि घरचा ड्रायव्हर आहे, त्याने खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी भावकीच्या दारात उभा असलेला ट्रॅक्टर बघून हप्ता अंगावर घेऊ नये. त्यातून पीककर्जाची रक्कम डाऊन पेमेंटला वळवणे तर सर्वांत महाग. राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की ही सवलत हातची जाते.

भाड्याच्या ट्रॅक्टरची अडचण वेगळीच आहे. तो वाफशाच्या दिवशी येत नाही. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये उरकायची असते आणि कोरडवाहू रानात ओल दिवसागणिक खाली जाते. म्हणून जे काम दिवसावर अडते, त्याचे अवजार घरचे असावे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, जिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे पावसाइतकीच मदार साठलेल्या ओलीवर असते. तिथे महागडे यंत्र नसले तरी चालते, कोळपे मात्र हवे. पेरणीनंतर तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात कोळपणी आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळपे, म्हणजे भेगा बुजतात. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जुनी माणसे म्हणत, ते उगीच नाही. दोन चाड्यांची पाभर असेल तर बी आणि खत एकाच फेरीत पडते. बैलजोडी सगळ्यांना सांभाळवत नाही, पण दोन घरांत सावड करून एक जोडी आजही निभावता येते.

पेरणीयंत्र भाड्याचे असो वा घरचे, रानात उतरवण्याआधी अर्धा तास द्यावा. यंत्र उचलून धरावे आणि बी सोडणाऱ्या चाकावर खडूने खूण करावी. चाकाचा घेर दीड मीटर आणि नऊ फणांमध्ये साडेबावीस सेंटिमीटर अंतर असेल, तर ३३ फेऱ्यांत एक गुंठा पेरून होतो. नळ्यांखाली पिशव्या बांधून तेवढ्या फेऱ्या फिरवाव्यात आणि जमलेला गहू तोलावा. एकरी ४० किलो पेरायचे असेल तर तो एक किलो भरला पाहिजे. सव्वा किलो भरला, तर एकरी दहा किलो बियाणे फुकट जाते. प्रत्येक पिशवी वेगळी तोलली की कोणती नळी तुंबली आहे तेही कळते. हंगाम संपल्यावर खताची पेटी रिकामी करून पुसून तेल लावले नाही, तर गंजून पुढच्या वर्षी नवी पेटी घ्यावी लागते.

गहू आणि हरभऱ्याचे सरळ वाणाचे घरचे बी चालते. दरवर्षी पिशवी घ्यायची गरज नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवावेत. ८५ उगवले तर निर्धास्त पेरावे. ७० उगवले तर गव्हाला ४० ऐवजी ४८ किलो धरावे. त्याहून खूप कमी उगवले तर मात्र बी विकतच आणलेले बरे.

काही ठिकाणी हात आखडता घेऊ नये. ज्वारीच्या किलोभर बियाण्याला चार ग्रॅम ३०० मेश गंधक लागते, एकराच्या चार किलोंना अवघे १६ ग्रॅम. तेवढ्यासाठी काणी ओढवून घेण्यात शहाणपण नाही. ताडपत्रीही चांगलीच घ्यावी. उलट डीएपीच्या गोणीबरोबर गळ्यात मारलेली टॉनिकची बाटली ठामपणे नाकारावी, पक्के बिल मागावे आणि सक्ती झाली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

काढणीला हार्वेस्टर सोयीचा वाटतो, पण ज्वारीत तो कडब्याची वाट लावतो. दारात जनावरे असतील किंवा गावात कडब्याला गिऱ्हाईक असेल, तर मजुरीने काढणी आणि भाड्याचे मळणीयंत्र हाच हिशेब बहुधा सरस ठरतो.

एवढे करूनही अवजार घ्यायचे ठरले, तर महाडीबीटीवर अर्ज करावा. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळते. मात्र पूर्वसंमतीआधी केलेल्या खरेदीला अनुदान नाही. तेव्हा ते पत्र हाती येईपर्यंत दुकानदाराला विसार देऊ नका.