*📱 जुन्या मोबाईलवर ॲप कधी बंद करावं?*

आज फवारणीचा नाही, मोबाईलचा विषय. "माझा फोन चांगला चालतोय, मग ॲप का बंद पडतं?" हा प्रश्न बरेच सभासद विचारतात. आपल्या कंपनीच्या ॲपबद्दलही आता हाच निर्णय घ्यायचा आहे. म्हणून थोडं सविस्तर.

*फोन चालतो, मग अडचण काय?*
२०१७ च्या खरिपात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, आठवतंय ना? बियाणं तेच होतं, अळी बदलली होती. फोनचंही तसंच. अँड्रॉइड ही फोन चालवणारी मूळ प्रणाली. तिच्यात सापडलेली भोकं अपडेट देऊन बुजवतात. जुन्या फोनला अपडेट येणं थांबलं की भोकं तशीच राहतात आणि चोर रोज नवी युक्ती शोधतो. जुन्या ट्रॅक्टरचा पार्ट मिळाला नाही तर ट्रॅक्टर फक्त उभा राहतो. जुन्या फोनमधून मात्र ओटीपी आणि बँकेचे पैसे जाऊ शकतात.

*मोठ्या कंपन्या कसं ठरवतात?*
▪️ अँड्रॉइड ४.४ हे २०१३ चं. गुगलने २०२३ मध्ये त्यासाठी प्ले सर्व्हिसेसचे अपडेट थांबवले. तेव्हा चालू फोनपैकी १ टक्क्याहून कमी फोन त्यावर उरले होते.
▪️ विंडोज ७ आलं २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला. पण क्रोम ब्राउझर त्यावर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत चालू ठेवला होता.
म्हणजे मूळ प्रणालीचा आधार संपला म्हणून ॲप त्याच दिवशी बंद करावं लागतं असं नाही. पण प्रत्येक जुन्या व्हर्जनसाठी वेगळी तपासणी करावी लागते. त्यात खर्च होतो आणि बाकीच्यांची सुधारणा रखडते.

*आपण कसं ठरवावं? माझं मत:*
१) *आधी मोजणी.* जगात १ टक्का असतील, आपल्याकडे जास्त असू शकतात. जुना फोन बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे किंवा म्हाताऱ्या माणसाकडे असतो. मोजल्याशिवाय बंद करू नये.
२) *धोका कुठे आहे ते बघावं.* हवामान आणि बाजारभाव नुसते वाचायचे असतील तर जुन्या फोनवर चालू द्यावेत. पैसे, आधार, बँक खातं यांचा भाग आधी बंद करावा.
३) *हंगामात बंद करू नये.* पेरणी किंवा माल खरेदी चालू असताना तर नाहीच. एक पूर्ण हंगाम आधी कळवावं.
४) *दुसरी वाट ठेवावी.* साधा एसएमएस, फोन कॉल आणि संकलन केंद्रावरची नोंदवही चालूच राहावी. ॲप नाही म्हणून कुणाचा माल नाकारला जाऊ नये.

*तुम्ही आज काय करायचं?*
✅ सेटिंग्ज उघडा, "फोनबद्दल" मध्ये जा. "अँड्रॉइड व्हर्जन" पुढचा आकडा बघा. तिथेच "सुरक्षा अपडेट"ची तारीख दिसली तर तीही बघा.
✅ ती तारीख दोन-तीन वर्षं जुनी असेल तर त्या फोनवर फोनपे, गुगल पे, बँकेचं ॲप ठेवू नका. बोलायला, मेसेज वाचायला फोन वापरा.
✅ ई-पीक पाहणी तुमच्या फोनवर होत नसेल तर थांबू नका. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेजाऱ्याचा किंवा मुलाचा फोन घ्या, पण नोंद मुदतीत करा.
❌ "जुन्या फोनवर चालणारं ॲप" म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवली तर उघडू नका. पीएम किसानच्या नावानेही अशा बनावट फाइल फिरतात. ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या.

*👉 या मेसेजला उत्तर म्हणून तुमचं नाव, गाव आणि अँड्रॉइडचा आकडा पाठवा.* साधा बटणाचा फोन असेल तर घरातल्या कुणाला तसं कळवायला सांगा. संचालक मंडळापुढे हीच यादी ठेवायची आहे. ज्याचं नाव यादीत नाही, त्याची अडचण बैठकीत कळणार नाही.

– तुमचा कृषी सल्लागार 🌱