जाई-चमेलीचं तेल: मारुतीचं कुठलं, आपलं कुठलं?




शनिवारी हरणीच्या भीडभंजन मारुतीला, नाहीतर आपल्या गल्लीतल्या मारुतीला आपण आकड्याचा हार आणि चमेलीचं तेल वाहतो. उरलेली बाटली घरी येते. मग तीच डोक्याला, तीच गुडघ्याला आणि तीच बाळाच्या मालिशला! म्हणून आजचा हा पाठ.

*१) खरं तेल कसं निघतं?*
चमेली म्हणजे आपली जाई. मोगरा आणि जुई या तिच्या बहिणी. हे फूल फार नाजूक, वाफेच्या उष्णतेनं त्याचा वास बिघडतो. म्हणून पूर्वी तीळ आणि फुलं थरावर थर ठेवत. तिळात वास मुरला की ते घाण्यातून काढत. आज द्रावणात फुलं भिजवून अर्क काढतात. फुलं पहाटेच खुडायची. एका किलोत सुमारे १०,००० फुलं बसतात आणि १,००० किलोतून जेमतेम दीड-दोन किलो अर्क मिळतो. मग पन्नास रुपयांच्या बाटलीत काय असेल? लेबल वाचा. बहुतेक वेळा लाइट लिक्विड पॅराफिन आणि सुगंध असतो. डोक्याला वरून लावायला चालेल, पण ते औषध नव्हे.

*२) उपयोग*
🌼 खऱ्या अर्काचा वास अनेकांना मन शांत करणारा वाटतो. जप-ध्यानाच्या वेळी रुमालावर एक थेंब पुरे.
🌼 मालिशसाठी दोन चमचे तिळाच्या तेलात एकच थेंब. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. खाज आली तर सोडून द्या.
🌼 वैद्यांचं जात्यादि तेल वेगळं. त्यात जाईची फुलं नाहीत, पानं असतात. ते जखमेवर वरूनच लावायचं. त्यात मोरचूद असतं, म्हणून पोटात मुळीच नाही.

*३) सांभाळा*
अर्क पिऊ नये. तान्ह्या बाळाला लावू नये. गरोदर बहिणींनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा. झोपेच्या किंवा उदासीच्या गोळ्या चालू असतील तर तेलाच्या भरवशावर बंद करू नयेत.

*४) सगळ्यात महत्त्वाचं: शेंदूर*
आमच्याच घरी घडलं. आरतीनंतर लहानग्याच्या कपाळाला शेंदूर लावला, त्यानं बोट फिरवलं आणि त्याच हातानं प्रसाद खाल्ला. पारंपरिक शेंदूर शिशापासून बनतो आणि तेलात कालवला की बोटांना चिकटून बसतो. शिसं थोडं-थोडं पोटात गेलं तरी मुलांच्या मेंदूला अपाय होतो. तेव्हापासून आम्ही शेंदूर मारुतीच्या अंगावरच ठेवतो. मुलांना गंध लावतो आणि प्रसादाआधी सगळ्यांचे हात साबणानं धुतो. यात भक्ती कुठे कमी होत नाही. देवाला वाहिलेलं देवाचं. आणि घरातलं मूलही त्यानंच सांभाळायला दिलेलं आहे.

या शनिवारी देवघरातल्या बाटलीचं लेबल सगळ्यांनी मिळून वाचावं. आजी-आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि हा पाठ आपल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा.

जय गुरुदेव 🙏