मैत्रीची मर्यादा त्याला कशी शिकवू?

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. वर्गातली एक मुलगी हसून बोलली, तेव्हापासून तो रोज तिच्या मागे बसस्टँडपर्यंत जातो, सारखे मेसेज पाठवतो. रागावले तर गप्प बसतो. काय करू?
– एक आई, सुपा परिसर (ता. जोयडा)

उत्तर : ताई, त्याला मैत्री हवी आहे, यात गैर काही नाही, पण ती मुलगी घाबरू शकते. ‘नीट वाग’ एवढ्याने त्याला उमगणार नाही. नियम मोजके, स्पष्ट हवेत. उत्तर आलं नाही, तर पुन्हा मेसेज नाही. न विचारता मागे जायचं नाही. ‘नको’ म्हणजे नको. मान फिरवली तरी नकोच. शाळा कन्नड आणि घर मराठी असेल, तर तो सहज वाचतो त्या भाषेत हे लिहून लावा. घरी सराव करा, वर्गशिक्षकांनाही विश्वासात घ्या.

‘नको’ म्हणायचा हक्क त्यालाही आहे. पाहुण्यांच्या गळ्यात पडायची सक्ती नको. कुणी फोटो किंवा पैसे मागितले, ‘घरी सांगू नकोस’ म्हटलं, तर लगेच तुम्हाला सांगायचं. तेव्हा तुम्ही रागावायचं नाही.

पोक्सो कायद्यानुसार (२०१२) अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध संमतीनेही गुन्हाच, हे साध्या शब्दांत समजवा. समुपदेशनासाठी टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, मुलाला धोका वाटल्यास मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, दोन्ही मोफत. प्रत्यक्ष तपासणीसाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे.