बोलताना हातांचं काय करायचं?

सेमिनारला उभं राहिलं की आपल्याला दोन हात आहेत याची अचानक जाणीव होते. मेसमध्ये कालच्या मॅचचं वर्णन करताना हेच हात कसे मोकळे फिरतात! पण वर्गासमोर ते खिशात जातात, पाठीमागे लपतात, नाहीतर पेनाचं टोपण काढत-घालत बसतात.

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या शिबिरांत एक आकडा हमखास ऐकवतात: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि देहबोली ५५ टक्के. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतला. पण ते प्रयोग फक्त भावनांबद्दल होते, म्हणजे बोलणाऱ्याची आवड-नावड ऐकणारा कशावरून ओळखतो याबद्दल. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम काही ५५ टक्के हातवाऱ्यांनी समजावता येत नाही! तेव्हा विषयाची तयारी आधी.

मग हातवारे कशाला? १९९८ साली इव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो यांना आढळलं, की जन्मांध मुलंही बोलताना हात हलवतात, अगदी अंध श्रोत्याशी बोलतानासुद्धा. म्हणजे हातवारे केवळ समोरच्याला दाखवण्यासाठी नसतात. २००१ च्या एका प्रयोगात लोकांना आधी एक यादी पाठ करायला दिली आणि मग गणित समजावून सांगायला लावलं. हात हलवायची मुभा होती तेव्हा यादी जास्त लक्षात राहिली. हात डोक्याचा भार हलका करतात, असा याचा अर्थ.

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं. इंग्रजी शब्द शोधताना डोक्यावर आधीच ताण असतो. त्यात हात कशाला बांधायचे?

काही साध्या गोष्टी करून बघा:

१. पेन, किल्ल्या, मोबाईल बाजूला ठेवा.

२. हात अर्थाबरोबर चालू द्या. क्रँक फिरतो म्हणताना फिरवा, पिस्टन खाली येतो म्हणताना खाली आणा. काम झालं की हात शांत.

३. आकृतीकडे हात दाखवा, पण बोला वर्गाकडे वळून. माणसाकडे बोट रोखू नका, उघडा तळवा दाखवा.

४. रूममेटला शूटिंग करायला सांगा आणि आवाज बंद करून बघा. नको त्या सवयी लगेच दिसतील.

शेवटी सर आणि मॅडमना एक विनंती. व्हायव्हात एखादा अडखळला आणि त्याचे हात हवेत गिअर फिरवू लागले, तर "हात खाली" म्हणू नका. क्षणभर थांबा. कदाचित उत्तर हातात आलेलं असेल, फक्त शब्द यायचा बाकी असेल.