नमन पेनड्राइव्हमध्ये मावलं कसं?

चार माइकांवर घेतलेलं चाळीस मिनिटांचं नमन चारशे केबीच्या फाइलमध्ये मावत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना ४ बाइटचा, म्हणजे एका ट्रॅकला मिनिटामागे साधारण साडेदहा एमबी. चार ट्रॅक, चाळीस मिनिटं: पावणेदोन जीबीच्या आसपास. पेनड्राइव्ह घेऊन कुणी आलं की मी आधी फाइलचं वजन बघतो, उघडायचं नंतर.

गणपतीपुळ्यात, मालगुंडच्या रस्त्याला, माझं ध्वनिमुद्रणाचं छोटं काम आहे. देवदर्शनाला आणि समुद्रावर येणाऱ्या पर्यटकांचा त्याच्याशी संबंध नाही. माझ्याकडे येतात ती नमन, जाखडी या कोकणातल्या लोककलांची आणि भजनाची मंडळं. अलीकडे नवं मुद्रण कमी आणि जुनं उघडून देणंच जास्त, कारण यूट्यूब. दहा-बारा वर्षांपूर्वी सीडीसाठी केलेलं काम आता नव्याने मिक्स करून हवं असतं: मृदंग पुढे, टाळ मागे, समुद्राची गाज कमी. गाज कमी करणारी साधनं आता खरोखर चांगली झाली आहेत, त्यामुळे मागणी गैर नाही. पण त्याला सुटे ट्रॅक लागतात, आणि ते ‘प्रोजेक्टमध्ये आहेत’ असं सगळेच सांगतात.

एका नमन मंडळाचे बुवा अशीच फाइल घेऊन आले. मुद्रण २०१३ चं. मंडळातल्याच एका हौशी मुलाने हातात मावणाऱ्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर ते घेतलं आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलं. मुलगा पुढे नोकरीला मुंबईत गेला. गण म्हणणारे दोघे जण दरम्यान वारले, म्हणून मंडळाला या मुद्रणाचं मोल. पेनड्राइव्हवर होती एकच फाइल, डॉट एयूपी. तिचं वजन बघून मी ती उघडलीच नाही. नोटपॅडमध्ये टाकली आणि बुवांना दाखवली. बुवा म्हणाले, “मंग आमचा नमान ह्यात हाय का न्हाय?”

नव्हतं. ऑडॅसिटीची जुनी एयूपी फाइल म्हणजे निव्वळ मजकूर. कुठला तुकडा कुठल्या ट्रॅकवर, कितव्या सेकंदाला, कुठे कापला, आवाज किती चढवला, याची नोंद. खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये असतो, ज्याच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘डेटा’ हा शब्द येतो. त्या फोल्डरमध्ये एक-एक एमबीपर्यंतचे, म्हणजे जेमतेम सहा सेकंदांचे शेकडो तुकडे, नावं सगळी आकडे आणि अक्षरांची. पेनड्राइव्हवर घेताना माणूस स्वाभाविकपणे ओळखीच्या नावाची फाइल उचलतो आणि हा कचऱ्यासारखा दिसणारा फोल्डर मागे ठेवतो. कुणी तो जागा मोकळी करायला पुसूनही टाकतो.

मात्र नोटपॅडमध्ये दिसणाऱ्या पहिल्या काही ओळी फार कामाच्या असतात. त्यात डेटा फोल्डरचं नेमकं नाव असतं आणि फाइल ऑडॅसिटीच्या कुठल्या आवृत्तीत जतन झाली तेही. या दोन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. फाइलचं नाव ‘नमन फायनल’चं ‘नमन फायनल नवीन’ केलं की कशाचा कशाला मेळ लागत नाही, तेव्हा मूळ नाव इथेच सापडतं. आणि आवृत्ती कळली की कुठलं सॉफ्टवेअर लावायचं ते ठरतं.

हे ठरवावं लागतं, कारण मार्च २०२१ मध्ये ऑडॅसिटी ३.० आली आणि प्रोजेक्टची जातच बदलली. फाइल आणि फोल्डर ही जोडी जाऊन सगळं एकाच एयूपी३ फाइलमध्ये आलं. आत एसक्यूलाइट नावाची डेटाबेसची पद्धत आहे. ज्याने कुणी डेटा फोल्डर मागे विसरून ठेवला असेल त्याला हा बदल का केला ते वेगळं सांगायला नको. नवी आवृत्ती जुनं एयूपी घेते, पण त्याचं नव्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर करून. नवं प्रोजेक्ट जुन्या सॉफ्टवेअरमध्ये परत जात नाही. फार जुनी फाइल असेल तर ३.० च्या आधीच्या एखाद्या आवृत्तीत ती आधी जतन करून मग आणा असं सांगितलं जातं. म्हणून मी २.४.२ ही दुसऱ्या मालिकेतली शेवटची आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये कायम ठेवली आहे. ती नव्याच्या शेजारी सुखाने नांदते. जुन्या प्रोजेक्टशी पहिली भेट तिच्यातच घालून द्यावी, तीही मूळ डिस्कवर नाही, प्रतीवर.

बुवांच्या डेटा फोल्डरचा शोध बराच लांबला. मंडळाचा जुना कॉम्प्युटर मधल्या काळात दुरुस्तीला गेला होता आणि फॉरमॅट होऊन आला होता. अखेर मुंबईच्या त्या मुलाच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर फोल्डर मिळाला. गौरी-गणपतीला तो गावी आला तेव्हा घेऊन आला. डिस्क गंजली नव्हती एवढं नशीब. इथल्या खाऱ्या हवेत कॉम्प्युटरच्या डब्यावर उघड्या पडलेल्या डिस्कचं काय होतं ते मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

प्रतीवर फाइल उघडली तर काही तुकडे नाहीतच. अशा वेळी २.४.२ तीन पर्याय पुढे ठेवते: काही न बदलता बंद करा, गहाळ जागी तात्पुरती शांतता समजा, किंवा शांतता कायमची भरा. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. उद्या तोच तुकडा दुसऱ्या एखाद्या डिस्कवर मिळाला तर तो बसवायला जागा राहत नाही. मी आधी बंद केलं, मुलाला त्या डिस्कवरचे बाकीचे फोल्डर पाहायला लावले. त्यातून थोडं मिळालं. उरलेली भोकं गवळणीत होती, तिथे जुन्या सीडीवरचं तयार मिक्स जोडलं. तेवढ्या भागात मृदंग वेगळा काढता आला नाही. तो सीडीवर जसा होता तसाच यूट्यूबवर गेला.

डेटा फोल्डर आहे आणि एयूपी नाही, अशीही माणसं येतात. सरळ मुद्रण असेल, मध्ये कापाकाप नसेल, तर सहा-सहा सेकंदांचे तुकडे वेळेच्या क्रमाने लावून बरंचसं परत मिळवता येतं. कापाकाप झालेली असेल तर त्या ढिगात संकासुराचे संवाद कुठे आणि गण कुठे ते देवच जाणे. मी असं काम आता घेत नाही.

ऑडॅसिटी फुकट, म्हणून गावात तीच जास्त. पण विकतच्या सॉफ्टवेअरलाही हे चुकलेलं नाही. कूल एडिट प्रो २००३ मध्ये अडोबीकडे गेलं आणि ऑडिशन झालं. त्याच्या डॉट एसईएस फाइलमध्येही आवाज नसतो, फक्त ‘डी ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरमधली तमुक फाइल’ असे पत्ते. नव्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नसतो, मग सगळे ट्रॅक हरवलेले दिसतात. पत्ते हाताने जोडून द्यावे लागतात, पण आवाज असेल तर ते जमतं. प्रो टूल्सने २०१३ मध्ये अकराव्या आवृत्तीत ६४ बिट धरलं आणि जुने प्लगइन चालेनासे झाले. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हाच्या रिव्हर्बवर केलेलं भजन आज उघडलं तर बुवांचा आवाज कोरडाठाक येतो, कारण रिव्हर्बच्या जागी रिकामा चौकोन आहे. म्हणून ट्रॅक बाहेर काढताना दोन संच काढावेत: एक कोरडा, एक परिणामांसकट. आणि प्लगइनच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो. हा फोटो फार जणांना बावळटपणा वाटतो. रिव्हर्बचे आकडे मात्र त्याच्याशिवाय कुणाच्याही लक्षात राहत नाहीत.

सगळ्यात फसवा प्रकार आवाज येतो तोच. एका भजनी मंडळाची आरती काळी एकमध्ये गायलेली. प्रोजेक्ट ४४,१०० चं, आणि दुसरीकडे कुणी तरी ते रूपांतर न करता ४८,००० वर चालवून दिलेलं. सूर जवळजवळ दीड पट्टी चढला. काळी एकचा सा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठे तरी लोंबकळत राहिला, पेटीवर हात ठेवला तर कुठेच मिळेना. लयही चढलेली, म्हणून ऐकणाऱ्यांना वाटलं, तेव्हा पोरं जोशात होती! जुनं प्रोजेक्ट उघडलं की पेटी किंवा तंबोऱ्याचं अ‍ॅप शेजारी ठेवून सा जुळवून बघावा. मंडळातल्या जाणत्या माणसाला ऐकवणं कुठल्याही मीटरपेक्षा खात्रीचं.

प्रोजेक्ट एकदा नीट उघडलं की त्यात रमू नये. मिक्स नंतर. आधी प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र व्हेव फाइल म्हणून बाहेर काढावा, शून्य सेकंदापासून. टाळ तिसऱ्या मिनिटाला सुरू होत असले तरी त्यांच्या फाइलमध्ये आधीची तीन मिनिटं शांतता हवी, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली डावीकडे टेकवल्या की जुळतात. निर्यात झाल्यावर तसं खरंच झालंय का ते एका नव्या, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये टाकून बघावं. व्हेव ही १९९१ पासूनची साधी पद्धत आहे आणि अजून सगळीकडे वाचली जाते. २४ बिट, आणि मूळ मुद्रण ज्या दराचं असेल तोच दर. एमपी३ मोबाइलवर पाठवायला ठीक, ठेवणीसाठी नाही.

सुटा आवाज सुटा ठेवला की तो किती लांब जातो, याचं मराठीतलं मोठं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने शंभर तासांहून अधिक मुद्रण १९९० च्या दशकापासून झालं. ते आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ऑनलाइन संग्रहात कुणालाही ऐकता येतं. त्या काळच्या डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपची यंत्रं बनवणं सोनीने २००५ मध्ये थांबवलं. यंत्र गेलं तरी ओव्या ऐकू येतात, कारण आवाज त्या यंत्राच्या बाहेर निघालेला होता.

मंडळांना मी तीन प्रती करायला सांगतो: एक मंडळाच्या कपाटात कोरड्या डब्यात, एक माझ्याकडे, एक मुंबईच्या चाकरमान्याकडे. वर्षातून एकदा, शिमग्याच्या तालमी सुरू होण्याआधी, प्रत्येक डिस्क लावून एक तरी ट्रॅक शेवटपर्यंत ऐकायचा. सोबत एक छोटी टिपणाची फाइल ठेवायची: मुद्रण कुठे, कधी, सूर कुठला, कुठल्या माइकवर कोण, कुठलं सॉफ्टवेअर आणि कितवी आवृत्ती. ती युनिकोडमध्ये टाइप करा. मागे एका मंडळाने अशी यादी अगदी मनापासून करून ठेवली होती, पण जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर गायकांची नावं म्हणून नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात, आणि ती वाचायला मला रत्नागिरीच्या छापखान्यात जावं लागलं.