डोंगरातली शर्यत : वाट कुणाला द्यावी, पाणी किती प्यावे



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, 'मुलगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळतो. आता मित्रांबरोबर डोंगरातल्या २५ किलोमीटरच्या शर्यतीत नाव देतो म्हणतो. तब्येतीला झेपेल का? पाठवावे की नको?'

पळताना मुलाच्या छातीत कधी दुखले नसेल, त्याला चक्कर आली नसेल, घराण्यात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला नसेल आणि चार-पाच महिन्यांचा नेटका सराव असेल, तर अवश्य पाठवावे. हृदयाविषयी इतके पुरे. पण गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या अशा शर्यतींत औषधांची पेटी घेऊन बसतो. तिथे माझ्यासमोर आलेली माणसे हृदयाची नव्हती. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाला मधमाश्या चावलेल्या, कुणी वाट चुकलेला. आणि एकाच्या बाबतीत तर चूक थोडी माझीही होती. ते पुढे सांगतो.

आधी ही शर्यत असते कशी, ते पाहू. मैदानावर सगळे एकच अंतर पळतात. डोंगरात तसे नसते. सिंहगड, राजगड, तोरणा या वाटेवर आता १०० किलोमीटरपर्यंतच्या शर्यती होतात आणि त्याच दिवशी त्याच डोंगरात लहान अंतराच्याही असतात. पन्नासवाले पहाटे अंधारात सुटतात, पंचवीसवाले उजाडताना, दहावाले उन्हे आल्यावर. वाट मात्र बऱ्याच ठिकाणी एकच, तीही बैलगाडीची नव्हे, गुरांची. तीस किलोमीटर पाय ओढून आलेला माणूस आणि नुकताच न्याहारी करून निघालेला ताज्या दमाचा तरुण एका सोंडेवर एकामागे एक येतात. त्यातच समोरून परतणारे भेटतात. खरी गंमत इथे आणि खरा धोकाही इथेच.

मागून येणारा ओरडतो, 'साईड, साईड!' पुढचा दचकतो. दचकलेला माणूस मान मागे वळवतो आणि मानेबरोबर खांदा, कंबर अन् पाऊलही वळते. घोटे मुरगळण्याच्या ज्या कथा मी ऐकल्या त्यांतल्या निम्म्या तरी अशा सुरू होतात. दुसरे असे की दचकलेला माणूस बाजूला उडी घेतो ती जिकडे मोकळे दिसते तिकडे, म्हणजे दरीकडे. म्हणून दहा पावले आधीच शांत आवाजात सांगावे, 'काका, मागून येतोय, डोंगराच्या बाजूला थांबा.' उजवे-डावे म्हणू नये. दमलेल्या माणसाचा उजव्या-डाव्यात गोंधळ होतो, डोंगर आणि दरी मात्र त्याला दिसत असतात. पुढच्याने थांबून, डोंगराकडे अंग टेकून वाट मोकळी करावी आणि मगच मागच्याने जावे. जागाच नसेल तर मागच्याने थांबावे. पन्नास पावलांवर कुठे ना कुठे रुंदवा मिळतोच.

समोरासमोर आल्यास आयोजकांचा जो नियम असेल तो पाळावा. नियम सांगितलेला नसेल तर चढणाऱ्याचा मान पहिला, ही गिर्यारोहकांची जुनी रीत आहे आणि तिला कारण आहे. चढणाऱ्याची नजर पायाशी असते, कानात स्वतःच्या श्वासाचा आवाज भरलेला असतो आणि मोडलेली लय पुन्हा धरायला त्याला फार कष्ट पडतात. पण घसाऱ्यावरून वेगाने उतरणाऱ्याला खरोखरच थांबता येत नसेल, तर हक्काचा वाद तिथे घालू नये. आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई किंवा मेंढरे घेतलेला धनगर समोर आला, तर शर्यत असो वा नसो, आपण थांबायचे. वाट त्यांची आहे, आपण रविवारचे पाहुणे. कानात गाणी घालून पळणाऱ्यांना मी काय सांगावे! डोंगरात कान हे अर्धे डोळे आहेत.

बाजूला होतानाही गवतात पाय टाकण्याआधी खाली पाहावे, दगडावर हात टेकण्याआधीही पाहावे. फुरसे वाटेवर क्वचितच दिसते, दगडाआड आणि पाल्यात असते.

आता फाट्यांविषयी. अंतरे वेगळी म्हणून फितींचे रंग वेगळे. पुष्कळदा पन्नासची फीत लाल आणि पंचविसाची हिरवी लावतात. काही पुरुषांना जन्मतः लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही आणि त्यांतल्या कित्येकांना ते स्वतःलाच ठाऊक नसते. पहाटेच्या अंधुक उजेडात तर कुणालाच धड कळत नाही. मग माणूस पुढच्याच्या पाठीमागे जातो. पुढचा पन्नासवाला असला की पंचवीसवाला अर्धा लिटर पाण्यावर आणि विजेरीशिवाय भलत्याच डोंगरात शिरतो. निळ्या-पिवळ्या फिती लावाव्यात आणि फाट्यावर एक बोलता माणूस उभा करावा, असे मी आयोजकांना दरवर्षी सांगतो. स्पर्धकाने शेवटची फीत दिसल्यावर पाच मिनिटांत पुढची दिसली नाही, तर आल्या वाटेने मागे फिरावे.

आग्या मोहोळाचाही इथे एक वेगळाच प्रकार होतो. पहिली तुकडी कड्याखालून बोलत, शिट्या वाजवत जाते. तिला काही होत नाही. माश्या चाळवतात आणि हल्ला होतो तो मागून येणाऱ्या, बिचाऱ्या गप्प चाललेल्या तुकडीवर. अत्तर, सुगंधी फवारे, कड्याखाली विडी-सिगारेट हे सारे टाळावे. हल्ला झालाच तर हात झाडू नयेत. शर्टाने तोंड झाकून, पायाखालची वाट सांभाळत, जमेल तितके दूर पळावे. घर, गाडी, काहीही बंदिस्त मिळाले तर आत शिरावे. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे नखाने, कशानेही, पण लवकर काढावेत. दम लागला, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती ॲलर्जीची लाट समजावी. त्यावर मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपाय. ते आयोजकांच्या डॉक्टरकडे आहे की नाही, हे नाव देतानाच विचारावे. पुष्कळ डंख झाले असतील तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात दाखवावे, कारण विषाचा भार पुढे मूत्रपिंडांवर पडू शकतो.

आता त्या तरुणाची गोष्ट.

पठारावर, सतराव्या किलोमीटरच्या पाणपोईपाशी माझी पेटी होती. साधारण साडेदहाला एक पंचविशीतला पंचवीसवाला आला. चालतच आला. मी त्याला दोन पेले पाणी दिले आणि पाठीवर थाप मारून म्हटले, 'भरपूर पाणी पी रे बाबा, ऊन वाढतंय.' त्याने माझ्यादेखत तिसराही पेला घेतला. आदल्या दोन्ही पाणपोयांवर त्याने असेच केले होते, हे मला मागाहून कळले.

दोन किलोमीटर पुढे तो एका दगडावर बसला. त्याच्यासमोरून तीसएक माणसे गेली. दहावाल्यांना वाटले, पन्नासवाला दिसतोय, दमला असेल बिचारा. पन्नासवाल्यांना वाटले, नवशिका आहे, बसेल थोडा आणि उठेल. छातीवरचा नंबर त्याच्या वाकण्याने झाकलेला होता. तिघांनी आस्थेने विचारले, 'पाणी हवं का?' तो मानेने हो म्हणाला आणि तिघांनीही त्याला पाणी पाजले.

मग पन्नास किलोमीटर पळणाऱ्या एक शिक्षिका आल्या. त्यांनी 'बरं आहे ना?' असे विचारले नाही. त्यांनी विचारले, 'दादा, तुझा नंबर किती? गाव कुठलं?' त्याने मान खाली घालून स्वतःच्या छातीवरचा आकडा पाहिला आणि त्याला तो वाचता आला नाही. बाईंनी त्याला उताराच्या कडेपासून आत घेतले, कुशीवर निजवले, मागून आलेल्या एका मुलाला माझ्याकडे पिटाळले आणि मी पोहोचेपर्यंत, म्हणजे पाऊण तास, त्या तिथेच बसून राहिल्या. त्यांची पुढची वेळेची मर्यादा हुकली. शर्यतीतून त्या बाद झाल्या.

त्याच्या हाताची बोटे सुजली होती, अंगठी रुतली होती, एकदा उलटी झाली होती. अंग तापलेले नव्हते. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा सोडियम १२१ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते. दाट मिठाचे, म्हणजे तीन टक्क्यांचे सलाईन थोडे थोडे देऊन तो संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आला. वाटेत झटका आला असता तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री पुष्कळ केला.

पाणी विष कसे होते? दीर्घ श्रमात शरीर लघवी आवरून धरणारे संप्रेरक जास्त सोडते. अशा वेळी घामापेक्षा जास्त पाणी आत गेले की ते बाहेर पडत नाही, रक्तातले मीठ पातळ होते, मेंदूच्या पेशी फुगतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांचे सोडियम कमी आढळले. त्यातही ज्यांचे वजन शर्यतीत वाढले आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला, त्यांच्यात ते जास्त. म्हणजे धोका पुढे पळणाऱ्या पट्टीच्या धावकापेक्षा मागून सावकाश येणाऱ्या, प्रत्येक पाणपोईवर थांबणाऱ्या, आज्ञाधारक माणसाला अधिक. क्षारांची पुडी घातलेले पाणीही अति प्यायल्यास हाच परिणाम होतो. पळण्याआधी दुखण्याची गोळी घेण्याची नवी फॅशन आहे, तीही सोडावी. मूत्रपिंडांना ती दुहेरी जाच आहे.

याच सदरात काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यावर लिहिताना 'तहान लागण्याची वाट पाहू नका' असे मी लिहिले होते. उन्हात दिवसभर राबणाऱ्यांना उद्देशून ते होते. शर्यतीत पळणाऱ्यांनी ते वाक्य खोडावे. त्यांनी तहान लागेल तेव्हा, तहानेपुरते प्यावे. तीन तासांत वजन कमी होण्याऐवजी वाढले, हातातले कडे घट्ट झाले, डोके ठणकू लागले, तर पाणी बंद.

बसलेला माणूस दिसला की त्या शिक्षिकेसारखे प्रश्न विचारावेत. नाव, नंबर, गाव. उत्तर चटकन आले तर तो दमला आहे, निघून जायला हरकत नाही. उत्तर अडखळले तर तो आजारी आहे, मग त्याला तोंडाने काही पाजू नये आणि एकटे सोडू नये. अंग चटका बसेल इतके तापलेले असेल तर मात्र तो उष्माघात. त्यात आधी गार करणे, मग गाडी शोधणे. कपडे काढून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, ओढा जवळ असेल तर डोके धरून त्यात बसवावे. मदतीसाठी शिट्टीची एक खूण आहे : मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

थंडीचेही ध्यानात ठेवावे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा आणि सोसाट्याचा वारा आला. वारा अडवणारे जाकीट सक्तीच्या यादीत नव्हते. १७२ पैकी २१ स्पर्धक गारठून दगावले. सहा जण वाचले ते झू केमिंग नावाच्या मेंढपाळामुळे. त्याने त्यांना आपल्या गुहेतल्या निवाऱ्यात नेऊन शेकोटी पेटवली. आपल्याकडे पावसाळ्यात पठारावर भिजलेल्या अंगाला वारा लागला की असेच होऊ शकते, म्हणून पाठीवर एक पातळ जाकीट असू द्यावे.

तर भगिनी, मुलाला पाठवा. शिट्टी, जाकीट, विजेरी आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच्याजवळ द्या. फुरसे चावल्यास काय करावे, आवळपट्टी का बांधू नये, याविषयी पुढील आठवड्यात.